पर्याय दोनच

रात्रीचे अकरा चाळीस. मिहानच्या गेटवर
आधी पाटी वाचायची, एमएच एकोणपन्नास,
मग शेवटचे चार आकडे, मग चेहरा.
चेहरा फोटोतल्यापेक्षा थकलेला.
फोटोत सगळेच लग्नाला निघाल्यासारखे दिसतात.

नाव आपण सांगायचं नाही.
"कोणाला घ्यायला आलात?" असं त्यालाच विचारायचं.
टीम लीडरनं हे फळ्यावर लिहून दिलं होतं.
खाली कुणीतरी चार सावजी थाळ्यांचा हिशेब मांडला,
तोही अजून पुसलेला नाही.

"चेतना हेडाऊ. टिमकी," तो म्हणाला.
मी ओटीपी दिला,
नवस बोलावा तसा, ओठातल्या ओठात.

बसायचं त्याच्या बरोब्बर मागे.
दार आतून उघडतं ना, एकदा ओढून बघायचं.
प्रवास आईला पाठवायचा.
आई टिमकीत, कूलरसमोर, चष्मा कपाळावर,
ठिपक्यावर बोट ठेवून बसते,
जसं काही बोट उचललं
तर मी घरंगळत वर्धेला पोचेन.

तिच्या काळी नियम एकच होता, कवडू.
कवडूचा सायकलरिक्षा, कवडूची घंटी,
आणि उशीर झालाच तर कवडूच्या बायकोला विचारायचं.
त्याला कुणी तारे दिले नाहीत.
दिवाळीला चिवडा आणि बाबांचा जुना शर्ट, एवढंच.
कवडू भला होता म्हणून निभावलं
की आपलंच नशीब बरं होतं,
आई हल्ली म्हणते, कोण जाणे.

छत्रपती चौकाच्या अलीकडे गाडी उजवीकडे वळली.
नकाशात रस्ता सरळ होता.
"काऊन वळवली?"
माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.
"समोर वरात हाय मॅडम. अर्धा घंटा नाही हलत."
वरात ऐकू येत होती का? मी काच खाली केली.
कुत्रं. कुठेतरी जनरेटर. बँडसारखं काहीतरी, किंवा नाही.

गल्लीत मंडपाचा ट्रक आडवा.
माणसं बांबू उतरवतात, एकेक, झोपेत असल्यासारखी.
गाडी बंद. मी मनात मोजते,
किल्ली, पेन, डब्याचं झाकण, त्याला धार नाही.

फोन थरथरला.
तुमची गाडी बराच वेळ थांबलेली दिसते. सगळं ठीक आहे ना?
खाली बटणं दोन. ठीक आहे. मदत हवी.
मधलं काहीच नाही.

तेवढ्यात त्याच्याही फोनचा उजेड पडला.
"मले बी विचारून राह्यला," तो म्हणाला,
आणि बटण न दाबता तसाच बसला.
मग आरशात न बघता,
"मागच्या महिन्यात बेसा रोडवर दोघं होते.
एक बरोब्बर तुम्ही बसल्या तिथं."
पुढचं काही बोलला नाही.
कॉलरच्या वर, कानाखाली,
बोटभर गुलाबी नवी कातडी.

म्हणजे माझी सुरक्षित जागा
आणि त्याची भीतीची जागा
एकाच सीटकव्हरची.

मी सरकले नाही. खरं तेच सांगते.
फक्त पर्स पायाशी ठेवली
आणि दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर,
त्याला आरशात दिसतील असे.
तेव्हा त्यानं बटण दाबलं. मीही दाबलं.
काय दाबलं, दोघांनी एकमेकांना दाखवलं नाही.

ट्रक हलला.
सीताबर्डीपर्यंत कुणी बोललं नाही.
पुढे, बंद पानठेल्यांच्या रांगेत,
त्यानं एसीची हवा मागे वळवली, न विचारता.

घराच्या बोळाशी उतरले.
दिवे लावून तो थांबला, मी कडी वाजवेपर्यंत.
माझ्यासाठी, की पुढची राईड येईपर्यंत,
ठरवता आलं नाही.
फोननं कौतुकाचे पर्याय पुढे केले.
स्वच्छ गाडी. मोजकं बोलणं. उत्तम संगीत.
संगीत नव्हतंच. मी पाच तारे दिले.

आईनं दार उघडलं आणि आधी फोन खाली ठेवला.
काचेवर तिच्या बोटाचा ठसा, तेलकट, घामेजलेला.
सगळ्यात दाट कुठे, ते मी वाकून पाहिलं.
त्याच गल्लीत.